वीज गेली तर रजा कुणाची?

चऱ्होली बुद्रुकच्या एका सोसायटीत घरून काम करणाऱ्या मुलीला या आठवड्यात तिच्या आयटी कंपनीचा मेल आला. घरची वीज किंवा इंटरनेट दोन तासांहून जास्त बंद राहिलं, तर अर्ध्या दिवसाची रजा कापणार. वाचून संताप आला. इथे वीज जाते ती गुरुवारी. आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून महावितरणचं देखभालीचं कामही गुरुवारी. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालवतो, फ्लॅट नाही.

कंपन्यांच्या लेखी घरून काम ही मेहेरबानी आहे. २०२५ पर्यंत फक्त २५ टक्के माणसं ऑफिसात लागतील, असं २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं. २०२३ मध्ये तिनेच सगळ्यांना पाचही दिवस परत बोलावलं आणि २०२४ मध्ये व्हेरिएबल पे हजेरीला बांधला. दिलेली मेहेरबानी अशी केव्हाही काढून घेता येते.

म्हणून मला सोलापूरच्या विडी कामगार बायका आठवतात. घरून काम आपल्याकडे लॅपटॉपबरोबर आलेलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत पिढ्यान् पिढ्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या गेल्या. पान, तंबाखू कारखान्याकडून न्यायची आणि वळलेल्या विड्या परत नेऊन द्यायच्या. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणारीलाही कामगार मानलं. मजुरी कमी मिळाली, कामगार ओळखपत्रासाठी भांडावं लागलं, मोर्चे काढावे लागले, हे सगळं खरं. पण भांडायला पायाखाली जमीन होती. प्रॉव्हिडंट फंड, बाळंतपणाची रजा यांवर तिला हक्क सांगता येत होता. त्या कायद्यातली एक तरतूद तर मला फार मोलाची वाटते. मालकाने कच्चा माल कसा आणि किती दिला, तयार विड्या नाकारल्या तर त्यांच्या मजुरीचं काय, यावरून वाद झाला तर तो सोडवण्यासाठी सरकारी अधिकारी नेमायची सोय होती. निकृष्ट पानांमुळे विड्या कमी भरल्या, तर दोष वळणारीच्या बोटांचा की पानं देणाऱ्याचा, हा प्रश्न कायद्याने मालकाच्या मर्जीवर सोडला नव्हता.

आज वीज आणि इंटरनेट हाच कच्चा माल आहे. तो कर्मचाऱ्याने स्वतःच्या पैशाने आणायचा, आणि तुटला तर रजाही त्याचीच. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला. त्यात घरून कामाचा उल्लेख आला, पण तो नेमणुकीच्या अटींवर किंवा मालक-कामगारांच्या करारावर सोडून. तीन महिन्यांच्या नोटिशीवर जगणारी एकटी मुलगी कंपनीशी कसला करार करणार? विडीवाल्या बायकांच्या पाठीशी लाल बावटा होता. आयटीतल्या पोरांना युनियनचं नाव काढायचीही धास्ती वाटते, आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

ही मुलगी हिंजवडीला गेली असती, तर ऑफिसातल्या जनरेटरचं डिझेल कंपनीने भरलं असतं. ती घरी बसते म्हणून कंपनीची खुर्ची, एसी, कॅबचा खर्च वाचतो. त्या बचतीतून तिला इन्व्हर्टर द्या, इंटरनेटचं बिल भरा, आणि महावितरणने आधी कळवलेल्या खंडाचे तास कामाचे धरा. तोवर कापलेली प्रत्येक अर्धी रजा तिच्या खात्यात परत जमा झाली पाहिजे.