शिंगांची गुणपत्रिका

शिकार ही एके काळी पोटाची गोष्ट होती. पुढे ती राजेरजवाड्यांच्या मिजाशीची झाली. आता अमेरिकेत ती अपूर्णांकांच्या बेरजेची झाली आहे. नोव्हेंबर महिना उजाडला की तिकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या, म्हणजे व्हाइटटेलच्या, शिकारीचा हंगाम भरात येतो. मग मेलेल्या नराचे शिंगाळे डोके दोन्ही हातांनी उचलून धरलेल्या हसऱ्या माणसांची छायाचित्रे जिकडे तिकडे झळकू लागतात. खाली नाव, गाव आणि एक आकडा. तो हरणाच्या वजनाचा नसतो, वयाचाही नसतो. तो असतो शिंगांच्या इंचांचा. माझे भांडण आहे ते या आकड्याशी.

सीमाभागातल्या दिवाळी अंकात हे परदेशी हरीण कुठून घुसले, असे कोणी विचारील. बेळगाव-निपाणीकडची पुष्कळ मुले आज टेक्सासात, ओहायोत नोकरीला आहेत. तिथल्या शेजाऱ्याच्या दिवाणखान्यातले मुंडके पाहून तीही हरखतात, आणि त्यांचे आईवडील ते फोटो आम्हाला कौतुकाने दाखवतात. शिवाय आकड्याआड जिवंत वस्तू कशी नाहीशी करता येते, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

आधी शिंगांविषयी थोडे. मराठीत काळविटालाही शिंग आणि सांबरालाही शिंग. कानडीतही दोन्हींना 'कोंबु'च. पण या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. काळविटाचे शिंग जन्मभराचे. सांबराचे, चितळाचे आणि या अमेरिकन हरणाचे शिंग दर वर्षी गळून पडते आणि पुन्हा नव्याने उगवते. हिवाळ्यात डोके रिकामे होते, वसंतात मखमलीसारख्या कातडीखाली हाड वाढू लागते आणि सप्टेंबरपर्यंत ती मखमल झाडाला घासून नर मोकळा होतो. चार-पाच महिन्यांत एवढे हाड उभारायचे म्हणजे शरीरावर केवढा ताण! नर साधारण पाच ते सात वर्षांचा होतो तेव्हा शिंगे सर्वांत भरदार येतात. म्हणजे मोठी शिंगे हा त्या हरणाने इतके हिवाळे, इतके कोल्हे-कुत्रे आणि इतक्या बंदुका चुकवल्याचा दाखला. आणि नेमका तो दाखला हाती देणाऱ्यालाच गोळी. तीही नोव्हेंबरात, जेव्हा माजावर आलेला नर माद्यांच्या मागे वेडा होऊन सावधपणा विसरलेला असतो.

आता मोजणी पाहा. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब स्थापला. अमेरिकेतले मोठे प्राणी झपाट्याने संपत होते, त्यांची काही नोंद राहावी, हाही या मंडळींच्या धडपडीचा भाग होता. हेतू वाईट नव्हता. ती जवळजवळ मृत्युलेखांची वही होती. १९५० साली त्यांनी आजची गुणपद्धती ठरवली. दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, ठरावीक ठिकाणचे घेर, दोन शिंगांमधले अंतर, सारे इंचाच्या अष्टमांशापर्यंत मोजायचे. डोके साठ दिवस वाळल्याशिवाय अधिकृत मोजणी नाही. सुडौल वर्गात १७० आणि बेढब वर्गात १९५ गुण मिळाले तर कायमच्या यादीत नाव. सुडौल वर्गात तर डाव्या-उजव्या शिंगात जेवढा फरक तेवढे गुण वजा! मी शिक्षणखात्यात जन्म घालवला, पुष्कळ चमत्कारिक तपासनीस पाहिले. पण विद्यार्थ्याचे दोन कान सारखे नाहीत म्हणून गुण कापणारा मला अजून भेटायचा आहे.

या गुणपत्रिकेत पहिला कोण? सुडौल वर्गात कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातील मायलो हॅन्सन या शेतकऱ्याने १९९३ साली मारलेला नर, २१३ पूर्णांक ५/८. पण बेढब वर्गातली मौज ऐका. पहिल्या क्रमांकाचे हरीण १९८१ साली मिसुरीत, सेंट लुईस परगण्यात मेलेले सापडले : ३३३ पूर्णांक ७/८. त्याच्या खालचे, ३२८ पूर्णांक २/८ चे, १९४० साली ओहायोत रेल्वेरुळांजवळ मरून पडलेले मिळाले. म्हणजे जगातले हे दोन महानायक कोणाही शिकाऱ्याच्या हाती लागलेच नाहीत. मोठे शिंग ही शिकाऱ्याच्या कौशल्याची साक्ष असेल, तर कुंपणाकडेला पडलेला तो मुडदा कोणाच्या कौशल्याची साक्ष?

विस्कॉन्सिनच्या जेम्स जॉर्डनची गोष्टही बोलकी आहे. १९१४ साली त्याने एक प्रचंड नर मारला आणि डोके भुसा भरायला दिले. भुसा भरणारा ते घेऊन दुसरीकडे राहायला गेला आणि डोके हरवले. पुढे अनेक वर्षांनी जुन्यापुराण्या वस्तूंच्या विक्रीत कोणीतरी ते तीन डॉलरला उचलले, मोजले, आणि तो जागतिक विक्रम निघाला! शिकारी अज्ञात अशी नोंद राहिली. १९७८ च्या डिसेंबरात क्लबने जॉर्डनचे नाव मान्य केले, तेव्हा त्याला जाऊन दोन महिने झाले होते. चौसष्ट वर्षे ते हरीण तेच होते. तीन डॉलरचे विश्वविक्रमी झाले ते फक्त फूटपट्टी लागल्यावर.

येथे शिकाऱ्यांचे वकील उठतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. एकोणिसावे शतक संपताना अमेरिकेत हे हरीण पाच लाखांच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी, उरले होते. आज ते सुमारे तीन कोटी आहे. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीच्या व्यापाराला आळा घातला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लावला. तो पैसा शिकाऱ्यांच्या खिशातून येतो. लांडगे आणि प्यूमा बहुतेक प्रदेशांतून नाहीसे केल्यावर हरणांची संख्या आवरायला बंदुकीखेरीज फारसा उपाय उरला नाही. शेते उजाड होतात, मोटारी धडकतात. सगळे मान्य. फ्रीझरमध्ये मटण साठवून हिवाळाभर पोरांना खाऊ घालणाऱ्या तिकडच्या मजुराशी माझे काही भांडण नाही. इथे गाईचे दूध पिऊन त्याला अहिंसा शिकवणे मला शोभणार नाही.

पण या पुण्याईवर हक्क सांगतो कोण? कळपाची संख्या आवरायची तर मादी मारावी लागते, हे तिथला कोणताही वनाधिकारी सांगेल. एक नर गेला तर दुसरा त्याची जागा घेतो, पाडसे जन्मायची तेवढी जन्मतातच. ट्रॉफीवाल्याला मात्र मादी नको असते. मचाणाखालून दहा माद्या गेल्या तरी तो बंदूक उचलत नाही. आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर तो ज्या नराला महिनोन्‌महिने पाहत आला, ज्याला त्याने लाडाने नावही ठेवले, त्याचीच वाट पाहतो. काम करतो मटणवाला आणि संवर्धनाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगतो हा.

आकड्याची भूक एवढ्यावर थांबत नाही. टेक्सासात आणि इतरत्र उंच कुंपणांच्या आत हरणे पोसण्याचा धंदा फोफावला आहे. निवडक नराचे वीर्य नळकांड्यांतून विकले जाते, ठरवून पैदास होते आणि तीनशे-चारशे इंचांची शिंगे डोक्यावर पेलत हे नर कुंपणात फिरतात. गिऱ्हाईक हजारो डॉलर मोजून येते आणि गोळी घालून जाते. बून अँड क्रॉकेट क्लब असली हरणे यादीत घेत नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करतो. पण मोठ्या आकड्याची चटक लावली कोणी? त्यात क्रॉनिक वेस्टिंग नावाचा, मेंदू पोखरून हरणाला झिजवून मारणारा रोग १९६७ साली कोलोरॅडोत, कोंडून ठेवलेल्या हरणांतच प्रथम दिसला. आज तो तीसहून अधिक राज्यांत आहे. पाळीव हरणांची ने-आण हे त्याच्या फैलावाचे एक कारण मानले जाते. औषध नाही.

आणि कायदा? ओहायोच्या कायद्यात चोरून मारलेल्या मोठ्या नराच्या भरपाईचे चक्क सूत्र आहे. शिंगांचे एकूण गुण १२५ च्या वर असतील तर त्यातून १०० वजा करा, वर्ग करा आणि १.६५ डॉलरने गुणा. नववीच्या मुलानेही करून पाहावे : १५० गुणांच्या नराला ४,१२५ डॉलर, २०० गुणांच्या नराला १६,५००. तिथे २०२३ साली मारलेल्या अशाच एका अजस्र नराचे प्रकरण कोर्टात गेले आणि भरपाई पस्तीस हजार डॉलरच्या वर गेली. चोराला जबर दंड झाला याचा आनंदच आहे. पण सरकारनेसुद्धा हरणाची किंमत चोराच्याच मापाने काढली, हे कोणाला खटकत नाही!

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ पासून शिकारीच्या विक्रमांची वही चालवली आणि हिंदुस्थानातले साहेब नि संस्थानिक तिच्यात नाव यावे म्हणून जंगले पालथी घालत. कोल्हापूर दरबार चित्ते पाळून काळविटांची शिकार करी. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात भुसा भरलेली जनावरे आजही उभी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वही आपल्यापुरती मिटली. आज चंदगड-खानापूरच्या रानात सांबराचे गळलेले शिंग सापडले तर तेही घरी नेता येत नाही, ते सरकारचे.

अमेरिकनांनी शिकार सोडावी असे मी म्हणत नाही. त्यांनी वहीतून शिकाऱ्याचे नाव तेवढे काढावे. हरीण कुठले, किती वर्षांचे, कशाने मेले, एवढे लिहावे आणि मग दर नोव्हेंबरात किती जण मचाणावर चढतात ते पाहावे. आणि ओहायोच्या त्या सूत्रात एकदा मादी घालून पाहावी. तिच्या डोक्यावर शिंग नाही, म्हणून तिच्यासाठी ते सूत्रच नाही. पुढच्या वर्षीची पाडसे पोटात असलेल्या त्या जनावराला एक ठरावीक रक्कम लावून कारकून फाईल बंद करतो.