तारीख ठरलीच नव्हती

रमजान ईद होऊन आठ दिवस झाले की आमच्या मैत्रिणींना एकच प्रश्न पडतो. ईद मिलन कधी आणि जेवायला काय? गेल्या रविवारी असरच्या नमाजनंतर आमच्या पडवीत सहा जणी जमल्या. आम्ही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मुद्दाम समोर ठेवला होता, म्हणजे कुणी भजी मागणार नाही. तरी भजी तळावी लागलीच.

भज्यांवरून विषय यंत्रांवर गेला. बँकेतल्या भाभींनी नुकताच एअर फ्रायर घेतला आहे. "चमचाभर तेलात समोसे तळून होतात," त्या कौतुकाने म्हणाल्या. मोठी आपा लगेच म्हणाली, "तळून नाही, भाजून. आत पंख्याने गरम हवा फिरते, म्हणजे छोटी भट्टीच ती!" भाभी हसल्या. घरी डॉक्टरांनी तेल बंद केलंय, तेव्हा भाजलेला समोसाही त्यांना गोडच लागणार.

मग कुकर आला. आम्ही मास्तरकी केली : बंद कुकरमध्ये वाफेचा दाब वाढतो, पाणी शंभराऐवजी साधारण १२० अंशांवर उकळतं, म्हणून मटण लवकर शिजतं. खालांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेटा, तुमच्या शिट्टीला घाई असते. माझ्या हंडीला नसते." सांदणाच्या पिठाबद्दलही त्यांचं तेच मत. तांदूळ पाट्यावर वाटलेले हवेत, मिक्सरमध्ये पीठ तापतं. पण पाट्यावर बसायला आता कुणाचे गुडघे तयार आहेत, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

एवढ्यात आम्ही म्हणालो, "या वेळी एकेकीने एकेक पदार्थ आणू या." सर्वांना पटलं. भाभींनी मटण बिर्याणी घेतली, आपाने कबाब, दुसरीने फालुदा. यादी वाढत गेली, तसा पदार्थांचा थाटही वाढत गेला. कबाबाशेजारी भाजलेली कोंबडी आली, फालुद्यात सुका मेवा आला. आम्ही शिवणकाम करणाऱ्या धाकटीकडे वळलो. "तू काय आणशील ग?"

"मला त्या दिवशी जमणार नाही, आपा. लग्नाच्या कपड्यांची मापं घ्यायची आहेत."

पडवीत एकदम गप्प झालं. कारण तारीख अजून ठरलीच नव्हती.

रात्री झोप लागेना. तीन वर्षांपूर्वी तिचे शोहर कुवेतला होते, तेव्हा मोहल्ल्यातला पहिला फूड प्रोसेसर तिच्याकडे आला होता. आमच्या कितीतरी कबाबांचा खिमा त्यावर झाला आहे. तिने कधी 'कधी परत करता' असं विचारलं नाही. आता शोहर नोकरी सुटून घरी आहेत आणि घर शिलाई मशीनवर चाललं आहे. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. तरी 'एकेकीने एकेक पदार्थ' हे आमच्याच तोंडून निघालं. ऐकायला किती बरोबरीचं वाटतं! पण शिरखुर्म्याच्या खर्चातून नुकत्याच सावरलेल्या घराला तो एक पदार्थही जड असतो. प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना शोरब्यात पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवायला सांगितलं होतं. आम्ही वर्गात हे मुलांना सांगतो. पडवीत विसरलो.

सकाळी शाळेत जाण्याआधी खालांकडे गेलो. त्यांना काही सांगावं लागलं नाही. म्हणाल्या, "यादी फाड. एकच हंडी लावू." हिशेब त्यांच्या तोंडावर होता : किलोभर तांदळाची बिर्याणी आठ-दहा माणसांना पुरते. मुलाबाळांसह आम्ही तीसच्या आसपास. म्हणजे तीन किलो तांदूळ, तेवढंच मटण, सोबत कांदा-दह्याची कोशिंबीर. पैशांसाठी मिठाईचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली. तो आठवडाभर घरोघर फिरेल, जिने जे टाकायचं ते टाकावं, कुणी मोजायचं नाही. उघडायचा तो खालांनी. "आणि कमी पडले तर?" आम्ही विचारलं. "मटण कमी, बटाटे जास्त. बटाट्याने कुणाची इज्जत गेलीय?"

कामंही वाटली. कांदे आपा चिरणार, तांदूळ भाभी निवडणार, हंडीला दम खाला देणार. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी भांडी घासायची, असं एकमताने ठरलं.

संध्याकाळी धाकटीच्या दारात गेलो. ब्लाऊजला हुक लावत होती. आम्ही म्हणालो, "बेत बदललाय. एकच हंडी आहे. तारीख तू सांग." ती थोडा वेळ सुईकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "पुढचा रविवार चालेल. मापं मी शनिवारी घेते."

हा मजकूर छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला. म्हणालो, नको असेल तर फाडून टाकतो. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "द्या, आपा. पण एक लिहा, मापं खरंच घ्यायची होती."

लिहिलं.