मुदतीच्या तापाची मोजदाद

गेल्या श्रावणांत आमच्या दोन्ही नातवंडांस एकामागून एक ताप आला. थोरल्याचा ताप पांचव्या दिवशींही उतरेना, तेव्हां एका डॉक्टरांनीं विडालची परीक्षा करविली व 'टायफॉइड' असा निकाल दिला. धाकटीचें रक्त तपासण्याचें कोणास कारणच वाटलें नाहीं; भावाचें औषध तिलाही चालू झालें. दोघेंही बरीं झालीं, ही ईश्वराची कृपा. परंतु पुढें आम्हीं सहज चौकशी केली कीं, या दोन तापांची नोंद कोठें झाली? तर कोठेंच नाहीं. थोरल्याचा ताप खरोखर टायफॉइड होता, कीं त्याचा धाकटा भाऊ पॅराटायफॉइड, हेंही कोणास सांगतां येईना. मग देशांतील या तापांचे आंकडे छापून येतात ते येतात कोठून, हा प्रश्न आमच्या मास्तरी डोक्यांतून जाईना.

घोटाळा नांवापासूनच आहे. चरकानें विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे पांच प्रकार सांगितले. ते पाळीनें येणारे ताप, म्हणजे बहुधा आपला हिंवताप. मराठींत मात्र तेंच नांव टायफॉइडला चिकटलें. आमच्या आजी 'मुदतीचा ताप' म्हणत, तें आम्हांस अधिक अन्वर्थक वाटतें. 1896 सालीं आशार व बेन्सोद या फ्रेंच वैद्यांनीं पॅराटायफॉइड हा निराळा म्हणून दाखविला. विडालची परीक्षाही त्याच सालची. रुग्णाच्या उशाशीं बसून या दोहोंतील भेद कळत नाहीं. रक्तांतील जंतु प्रयोगशाळेंत वाढवून पाहिला तरच तो कळतो. विडालची परीक्षा पूर्वींच्या आजारानें वा दुसऱ्या तापानेंही फसते. आणि जंतु वाढविण्याची, म्हणजे ब्लड कल्चरची, रीत खरी असली तरी शंभर खऱ्या रुग्णांतून सुमारें साठांचाच जंतु तींत सांपडतो. आधींच औषध पोटांत गेलें असेल तर त्याहूनही कमी.

म्हणून येथें मोजणी नाहीं, अनुमान आहे. साठ सांपडले तर शंभर धरावे. निम्मेच रुग्ण रक्त देण्यास आले असतील तर दोनशें धरावे. असें त्रैराशिकावर त्रैराशिक. 2000 सालाकरितां केलेल्या एका प्रसिद्ध अंदाजांत सर्व जगांत टायफॉइडचे 2 कोटी 17 लक्ष व पॅराटायफॉइडचे 54 लक्ष रुग्ण धरले होते. वाचकांनीं भागाकार करून पाहावा. दुसरा आंकडा पहिल्याच्या चतुर्थांश निघतो. कारण पॅराटायफॉइड देशोदेशीं मोजलेला नव्हताच. चार टायफॉइडमागें एक, असें प्रमाण धरून तो काढला होता. आमच्या वर्गांत असें उत्तर आलें असतें तर आम्हीं पाटी परत दिली असती. मात्र त्या विद्वानांनीं आपली रीत लपविली नव्हती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. 2017 सालाच्या पुढील अंदाजांत दोन्ही मिळून 1 कोटी 43 लक्ष रुग्ण व सुमारें 1 लक्ष 36 हजार मृत्यु धरले. त्या रुग्णांपैकीं शेंकडा सुमारें 72 एकट्या दक्षिण आशियांतले.

आपल्या देशांत 2017 ते 2020 या काळांत अधिक सरळ मार्ग धरला गेला. दिल्ली, कलकत्ता, वेल्लोर व पुण्याचा ग्रामीण भाग येथील 24,062 मुलें निवडून आठवड्या-आठवड्याला तापाची चौकशी केली आणि ताप टिकला तर रक्त घेतलें. एक मूल एक वर्ष पाहिलें म्हणजे एक बालवर्ष; अशा लक्ष बालवर्षांमागें टायफॉइड शहरांत 576 पासून 1,173 पर्यंत, आणि पुण्याच्या खेड्यांत अवघा 35! पॅराटायफॉइडचा जंतु एकंदर 33 मुलांत सांपडला; सांपडलेल्या-न सांपडलेल्यांचा हिशेब करून चारही ठिकाणीं मिळून लक्षामागें 68 असा अंदाज केला. यावरून महाराष्ट्र निर्धास्त, असें मात्र कोणी समजूं नये. त्या 35 च्या आंकड्यांत मुंबईची एकही चाळ नाहीं.

वाचक म्हणतील, औषध तर एकच. मग ही चिकित्सा कशाला? कशाला तें सांगतों. 2018 सालीं नवी मुंबईंत महापालिकेनें लक्षाहून अधिक मुलांस टायफॉइडची नवी लस टोंचली. ती लस टायफॉइडच्या जंतूभोंवतींचें कवच ओळखते. आपल्याकडील पॅराटायफॉइड बहुतेक 'ए' जातीचा, आणि त्याच्या जंतूला तें कवचच नाहीं. त्यामुळें त्यावर लशीचा उपाय चालत नाहीं. उद्यां लस टोंचलेल्या मुलास पॅराटायफॉइड झाला आणि केसपेपरावर 'टायफॉइड' लिहिलें गेलें, तर आई म्हणेल, लस खोटी; आणि धाकट्या भावंडास ती टोंचूं देणार नाहीं. दोहोंसाठीं केलेल्या, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीची माणसांवरील पहिली चांचणी झाली व तिचे निष्कर्ष 2024 सालीं प्रसिद्ध झाले. ती कोणत्या गांवीं आधीं द्यावी हें ठरवावयाचें तर पॅराटायफॉइड निराळा मोजलेला हवा.

आमच्या घरीं एवढें ठरलें आहे कीं, पुढें ताप तीन दिवस टिकला तर औषधाची पहिली गोळी पोटांत जाण्यापूर्वीं कल्चरसाठीं रक्त द्यावयाचें काय, हें डॉक्टरांस विचारावें. सूनबाईंनीं लशींच्या वहींत दोन्ही मुलांच्या तापाच्या तिथि लिहून ठेवल्या आहेत. थोरल्यापुढें त्यांनीं 'टायफॉइड' लिहिलें होतें. आमच्या सांगण्यावरून पुढें प्रश्नचिन्ह घातलें. धाकटीपुढचा रकाना कोराच आहे.