विश्लेषण : वायर न जोडता फोन चार्ज कसा होतो? आणि तापतो का?

टेबलावरच्या स्टँडवर फोन टेकवला की चार्जिंग सुरू. पिन शोधायला नको, हात अडकायला नको. पुण्यातल्या ऑफिसात असो वा भीमाशंकरच्या वाटेवरच्या शिनोलीत, वायरलेस चार्जरचे तंत्र सारखेच. पण या सोयीची किंमत फोनची बॅटरी मोजते.

तंत्र नेमके काय?

गावातल्या विजेच्या डीपीत तारांची दोन वेटोळी असतात. एकातला प्रवाह सतत दिशा बदलतो, त्यामुळे भोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि दुसऱ्या वेटोळ्यात वीज तयार होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. वायरलेस चार्जर म्हणजे दोन भागांत विभागलेली छोटी डीपीच. एक वेटोळे स्टँडमध्ये, दुसरे फोनच्या मागच्या कव्हराखाली.

सर्किटमध्ये काय घडते?

अ‍ॅडॅप्टर २३० व्होल्टच्या विजेचे ५ किंवा ९ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. एकदिश प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र मात्र बदलत नाही. म्हणून स्टँडमधले मॉस्फेट हे इलेक्ट्रॉनिक स्विच प्रवाहाची दिशा पुन्हा पुन्हा उलटवतात. घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात, इथे साधारण एक ते दोन लाख. सोबतचा कपॅसिटर झोक्याला योग्य वेळी धक्का द्यावा तसे काम करतो. फोनमधल्या वेटोळ्यात आलेली वीज रेक्टिफायर पुन्हा एकदिश करतो आणि चार्जिंगची चिप ती बॅटरीत सोडते.

फोन ठेवल्याचे कसे कळते?

स्टँड थोड्या थोड्या वेळाने सूक्ष्म स्पंदन सोडतो. ‘ची’ मानकाचा फोन स्वतःचा भार कमीजास्त करून त्याला उत्तर देतो. ‘अजून हवी’, ‘आता कमी कर’ असे निरोप चार्जिंग संपेपर्यंत सुरू राहतात. पाठवलेली आणि पोहोचलेली वीज यांत जास्त तफावत दिसली, तर मध्ये नाणे किंवा किल्ली असावी असे समजून चांगला चार्जर बंद होतो. ही सोय नसलेल्या स्वस्त चार्जरवर धातूची वस्तू चटका बसण्याइतकी तापू शकते.

खिशातला फोन का चार्ज होत नाही?

चार्जरच्या चुंबकीय क्षेत्राचा जोर काही मिलिमीटरपुढे झपाट्याने ओसरतो. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून रेडिओ लहरी टिपतात. पण त्या लहरींतून मिळते ती माहिती. फोन चार्ज होण्याइतकी ऊर्जा त्यांत नसते.

नुकसान किती?

५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर एका पूर्ण चार्जिंगला सहा वॉट-तास वाया जातात. रोज चार्ज केले तरी वर्षाला हे सव्वादोन युनिटच्या आसपास. म्हणजे बिलाची चिंता नको. चिंता आहे ती या वाया गेलेल्या विजेच्या उष्णतेची, कारण तिचा काही भाग थेट बॅटरीला चिकटून निर्माण होतो. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. फोन थोडा सरकला, कव्हर जाड असले, की उष्णता आणखी वाढते.

मग घ्यावा का?

टेबलाजवळ बसून काम करणाऱ्याला जरूर उपयोगी. मात्र ‘ची’ची खूण असलेलाच चार्जर घ्यावा आणि अ‍ॅडॅप्टरवर बीआयएसची खूण पाहावी. फोन मधोमध ठेवावा, मागे नाणी-कार्ड ठेवू नये, उन्हात चार्ज करू नये. वीज गेल्यावर इन्व्हर्टर किंवा पॉवर बँकेवर फोन लावायचा असेल, तर वायरच बरी. साठवलेली वीज अर्ध्या वाटेत उष्णता होऊन जाणे परवडणारे नाही. बाजारभाव, पैशांचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास ज्या एकाच फोनवर चालतो, त्याची बॅटरी टिकणे हे वायरच्या कटकटीपेक्षा मोलाचे आहे. कंपन्यांनीही खोक्यावर वॉटचा मोठा आकडा छापताना, तो कोणत्या अ‍ॅडॅप्टरवर आणि कोणत्या फोनला मिळतो, हे तितक्याच ठळकपणे सांगायला हवे.