आधी कारागीर, मग फलक

पावसाळा सरला की आपल्या क्षेत्राचा खरा हंगाम सुरू होतो. गांधी जयंती, दिवाळीची सुट्टी आणि मग डिसेंबर-जानेवारीतल्या शाळांच्या सहली. या दिवसांसाठी ठिकठिकाणच्या लहान संग्रहालयांत आता आखणी चालू असेल: एक प्रदर्शन कलेचे, एक इतिहासाचे, एक विज्ञानाचे. ती कागदावर पक्की होण्याआधी सहकाऱ्यांनी वर्ध्याकडे एकदा नीट पाहावे, अशी आमची मनापासूनची विनंती आहे.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. म्हणजे २०२८ च्या डिसेंबरात त्याला नव्वद वर्षे पूर्ण होतील. नाव मगनलाल गांधींचे. साबरमतीच्या आश्रमात चरखा आणि माग यांवर वर्षानुवर्षे राबलेले मगनलाल १९२८ मध्ये पाटण्याला वारले. मगनवाडीची जागा जमनालाल बजाज यांनी दिलेली. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाला होता, आणि जे. सी. कुमारप्पा त्याचा कारभार इथूनच पाहत होते. दालनाच्या शेजारीच तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांचे प्रयोग चालत. वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप इथलाच. पाहणाऱ्याने वस्तू पाहावी, तिची खोट ओळखावी आणि घरी जाऊन तिच्याहून चांगली करावी, यासाठी ती मांडलेली असे. भारतातल्या फार थोड्या संग्रहालयांचा जन्म अशा हेतूने झाला आहे.

अशा वस्तूचे कला, इतिहास आणि विज्ञान असे तीन वाटे पाडता येत नाहीत. पेटीचरखाच घ्या. येरवड्याच्या तुरुंगाचे नाव मिरवणारा हा चरखा झाकण मिटले की हातात धरून नेता येतो. पूर्वीच्या उभ्या चरख्याचे एक मोठे चाक इथे दोन लहान चाकांत वाटले आहे. पहिले दुसऱ्याला फिरवते, दुसरे चातीला. वेग दोन टप्प्यांत वाढतो म्हणून मोठ्या चाकाची गरज उरत नाही. मुलाने मुठीने चाक एकदा फिरवावे, चातीला खडूची खूण करून तिचे फेरे मोजावेत. गुणोत्तराचा धडा तिथेच होतो. पेळूतून धागा ओढताना तो चातीच्या टोकावरून दर फेऱ्याला निसटतो आणि एकेक पीळ घेतो, हे त्याला डोळ्यांनी दिसते. पुढे सूत फाळक्यावर घ्यावे. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लटींची गुंडी. वीस नंबरच्या सुताची गुंडी सुमारे दोन तोळे भरते, चाळीस नंबरची तोळाभर. शेजारी लहान तराजू ठेवला, की आपण काढलेले सूत किती बारीक आहे हे मूल स्वतः सांगू शकते. एवढ्याला एक टेबल, दोन बाके आणि सूत कातता येणारा एक माणूस लागतो.

नेमका तो माणूसच आपल्या अंदाजपत्रकात नसतो. फ्लेक्सचे फलक, दिवे, उद्घाटनाचा मंडप, पाहुण्यांचे सत्कार यांवर पैसा जातो आणि प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याला चहापाण्यावर भागवून घ्यायला सांगतात. हे आम्हाला अत्यंत चुकीचे वाटते. सूत कातणारी बाई, घाणी चालवणारा तेली, नैसर्गिक रंगांत कापड बुडवणारा रंगारी यांचे रोजचे मानधन खर्चाच्या पहिल्या ओळीत असावे, आणि वस्तूच्या पाटीवर त्यांचे नावही असावे. पैसे कमी पडले तर फलक कमी करा. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले तेव्हा नंदलाल बोस यांनी सजावट बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या सामानातून उभी केली होती. आजच्या कलाप्रदर्शनाला त्याहून वेगळा मंत्र हवा असे आम्हाला वाटत नाही.

एक हरकत रास्त आहे. जुनी वस्तू रोज चालवली तर ती झिजणार. त्यातून वर्ध्याची हवा लाकडाला कठीण. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पावसाळ्यात तेच लाकूड ओल धरून फुगते, बांबूला भुंगा लागतो, कापडाला कसर. म्हणून मूळ वस्तू विश्रांतीला ठेवावी, जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देऊ नये आणि चालवायला हुबेहूब प्रतिकृती करून घ्यावी. ती स्थानिक सुताराकडूनच. करताना तो जे प्रश्न विचारेल, ते टिपून ठेवा. सांधा इथेच का, लाकूड कोणते, माळेचा ताण कशाने धरतो, हे जुन्या नोंदवहीत बहुधा सापडणार नाही.

इतिहासाच्या दालनासाठी कापसापलीकडे जायची गरज नाही. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला. त्या काळात हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडच्या बाजारात पोहोचले होते. मध्य प्रांताचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळेही उकरली, आणि तिथल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. कापूस गेला त्याच दिशेने पुरातन अवजारेही गेली, हे विदर्भातल्या मुलांना कळायला हवे. त्याच टेबलावर गावरान कापूस आणि २००२ नंतर शेतात आलेला बीटी कापूस शेजारी ठेवा. बोटांत धरून दोन्हींचे तंतू ओढून पाहिले की लांबीतला फरक समजतो. वेचणीचे दिवस असल्याने कास्तकाराच्या घरचा ताजा कापूसही मिळेल.

पवनारची गोष्ट निराळी. धाम नदीकाठच्या आश्रमात विनोबांना शेत खणताना वाकाटककालीन शिल्पे मिळाली. त्यांत राम-भरत भेटीचे शिल्प आहे. त्या भेटीचे चित्र असावे असे विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगातल्या गीतेवरील प्रवचनांत बोलले होते. पुढे शिल्प मिळाल्यावर त्यांनी त्याकडे श्रद्धेने पाहिले. ही शिल्पे जिथे मिळाली तिथेच आहेत, लोक त्यांना नमस्कार करतात. प्रदर्शनासाठी ती हलवण्याचा विचारही कोणी करू नये. शहरातल्या दालनात नकाशा लावावा आणि सहलीची बस तिकडे वळवावी. वा. वि. मिराशी यांनी पवनार हेच वाकाटकांचे प्रवरपूर मानले, एवढे शिक्षकांना आधी सांगून ठेवले तरी पुरे.

वाचकांनी आपल्या संग्रहातल्या आजही चालणाऱ्या वस्तूंची यादी आम्हाला पाठवावी. प्रत्येक वस्तूपुढे ती चालवू शकणाऱ्या माणसाचे गाव, वय आणि काम लिहावे. त्याची परवानगी असेल तरच नाव कळवावे. कोणी उरलेच नसेल तर तसेही लिहा. आलेल्या याद्या पुढच्या अंकापासून छापू, म्हणजे एका जिल्ह्याला हवा असलेला तेली किंवा पिंजारी दुसऱ्या जिल्ह्यातून याच हंगामात बोलावता येईल.