एका किड्याची चार नावे



मृगाचा पाऊस पडून गेला आणि जरा उघडीप मिळाली, की ओल्या जमिनीकडे नीट बघा. कुणी कुंकवाचे थेंब सांडलेत की काय, असं वाटतं. जवळ जावं तर थेंब चालू लागतो! लालभडक, मखमलीसारखा मऊ. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प. ओळखलंत ना? मृगाचा किडा!

गेल्या जूनमध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलाने तो काडेपेटीतून आणला. सगळा वर्ग गोळा झाला. "बाई, मृगाचा किडा!" तो म्हणाला. लगेच शेजारची मुलगी म्हणाली, "आमची दादी याला बीरबहूटी म्हणते." देगलूरहून आलेला एक जण म्हणाला, "माझी आजी आरुद्र पुरुगू म्हणते." झालं! खरं नाव कोणतं, यावर भांडण जुंपलं.

आता गंमत बघा. तिघांचंही खरं होतं.

साधारण ७ किंवा ८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो. शेतकऱ्याचे डोळे तेव्हा आभाळाकडे लागलेले असतात. त्याच दिवसांत हा दिसतो, म्हणून तो मृगाचा. मृगानंतर, २१-२२ जूनच्या सुमारास, आर्द्रा नक्षत्र लागतं. आर्द्रा म्हणजे ओली. तेलुगूत तिला 'आरुद्र' म्हणतात आणि किड्याला 'पुरुगू'. म्हणजे मराठी आजीने आणि तेलुगू आजीने पंचांग एकच पाहिलं, फक्त एकीचं बोट मृगावर थांबलं आणि दुसरीचं आर्द्रावर!

हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांनी मात्र पंचांग नाही, रंग पाहिला. 'बहूटी' हा शब्द संस्कृत 'वधूटी'वरून आला. वधूटी म्हणजे छोटीशी नवरी. लाल शालू नेसून, अंग चोरून बसलेली नवरी! आहे की नाही शोभणारं नाव?

चौथं नाव संस्कृतातलं, 'इंद्रगोप'. गोप म्हणजे राखणारा. पावसाचा देव इंद्र ज्याला राखतो, तो इंद्रगोप. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकात पुरूरवा राजा हरवलेल्या उर्वशीला शोधत रानात फिरतो. एके ठिकाणी त्याला लाल ठिपक्यांचं हिरवं वस्त्र पडलेलं दिसतं. उर्वशीचंच ते! तो धावत जातो. पाहतो तर काय, कोवळं गवत आणि त्यावर बसलेले इंद्रगोप!

मग मी मुलांना पाय मोजायला सांगितले. एक, दोन, तीन... आठ! कीटकाला तर सहाच पाय असतात. म्हणजे आपण किडा म्हणतो खरं, पण हा आहे कोळ्याच्या आणि गोचिडाच्या गोतातला. आणखी एक गंमत म्हणजे, अंड्यातून निघालेल्या त्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात. ते नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून वाढतं. आठ पाय नंतर येतात.

वर्षातला बहुतेक काळ हा जमिनीखाली असतो. पाऊस पडला, माती मऊ झाली, की वर येतो. त्याच वेळी पंख फुटलेली वाळवीही बाहेर पडते आणि तिच्यावर तो ताव मारतो. याच थोड्या दिवसांत जोडीदार शोधायचा असतो, अंडी घालायची असतात. मग पुन्हा मातीत गुडूप! त्याचा लाल रंगही उगाच नाही बरं का. 'मला खाऊ नका, मी बेचव आहे,' असं तो पक्ष्यांना सांगत असतो.

पण काडेपेटीला तो काही सांगू शकत नाही. "झाकणाला भोकं पाड, म्हणजे त्याला हवा मिळेल," असं त्या मुलाला सांगणारी मीच होते. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर किडा आक्रसून मरून पडला होता. मुलगा काही बोलला नाही. मलाही बोलता येईना. त्याला हवा नव्हे, ओली माती हवी होती. आणि त्याच्या हाती होते ते मोजके चार दिवस आम्ही पेटीत संपवले होते.

काही भागांत तर औषधी तेलासाठी हे जीव ढिगाने गोळा करून विकले जातात. असंच चाललं, तर एक दिवस चारही नावं शब्दकोशात राहतील आणि जमिनीवर कुणीच नसेल. कुणी विचारलं, "मृगाचा किडा म्हणजे काय हो?" तर आपण काय दाखवणार?

म्हणून आमच्या वर्गाने आता नियम केला आहे. बघायचं, पाय मोजायचे, आणि आहे तिथेच सोडून द्यायचं.

येत्या मृगात तुम्हीही हेच करा. आणि हो, घरी आजीला, शेजारच्या दादीला, गावाकडच्या मावशीला विचारा, "तुम्ही याला काय म्हणता?" एखादं पाचवं नाव सापडलं, तर मला पत्राने कळवाल ना?

तुमची,
बाई