रात्री दहाचा टोस्ट

दिवाळी अंकात चकली का हसते, अनारसे का विरघळतात, याची चर्चा करायची. आणि ही बाई चीज-टोस्टवर लिहायला बसली! मैत्रिणींनो, कपाळाला आठ्या घालू नका. फराळाने डबे ओसंडत असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलेच कोणीतरी स्वयंपाकघरात डोकावते आणि हळूच विचारते, "याशिवाय दुसरं काही आहे का गं?" त्या प्रश्नाचे हे उत्तर.

आमच्या लहानपणी पाव म्हणजे आजाऱ्याचे खाणे. ताप आला की चहात बुडवून मिळे. त्याला आजारपणातून उठवले ते मुंबईच्या सँडविचवाल्याने. लोणी, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, बीट, टोमॅटो, मसाल्याची चिमूट. मग लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये दाबून शेगडीवर आणि वरून किसलेले चीज!

मुरवलेले चीज नुसतेच फार तापवले, तर तूप सुटते आणि बाकीचे वातड होते. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी त्यात सायट्रेटचे क्षार मिसळून ही खोड मोडली. आपण वाण्याकडून आणतो ती चीजची वडी त्याच कुळातली. म्हणून ती एकजीव वितळते.

आता थोडे हातचे. लोणी पावाच्या कडेपर्यंत लावावे, म्हणजे चटणीने पाव भिजत नाही. टोमॅटोच्या बिया काढाव्यात. चीज मुळातच खारट, तेव्हा मीठ घालू नये. आत कालची बटाट्याची भाजी, लसणाची सुकी चटणी किंवा लोण्यात कालवलेले मेतकूट, काहीही चालते. चिवड्याच्या तळाचा चुरा टोस्ट झाल्यावर वरून पेरा. मुले डबा पुसून देतील. मात्र आच मंद हवी. मोठ्या आचेवर पाव करपतो आणि चीज आत गारच राहते.

हे शेवटचे मी जरा उशिराच शिकले. गेल्या पावसाळ्यात माझी लेक रात्री दहाला घरी आली. "जेवून आलेय," म्हणाली. चेहरा सांगत होता, खोटे आहे. "काय झालं?" म्हणून मी तीनदा विचारले. तिसऱ्यांदा तिने खोलीचे दार लावून घेतले.

घरात पावाचे चार तुकडे, चीजची अर्धी वडी आणि लसणाची चटणी होती. गॅस बारीक करून मी टोस्टर धरला. वास दारापलीकडे गेला असावा. ती आली आणि ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच पहिला टोस्ट संपवला. मी दुसरा लावला. माझी पाठ तिच्याकडे, डोळे आचेवर.

"आई, माझी नोकरी गेली."

वळून बघावेसे फार वाटले. पण वळले असते, तर ती तिथेच थांबली असती. मी टोस्टर तेवढा उलटला आणि "हं" म्हटले. मग ती बोलत राहिली, कितीतरी वेळ. त्या नादात टोस्टची एक बाजू काळी झाली. तिने तो माझ्या हातून घेतला, मधोमध तोडला आणि अर्धा माझ्यापुढे ठेवला.

अजून तिला नोकरी नाही. या दिवाळीत लाडू ती वळते आहे. टोस्टर मात्र मी माझ्याच हाती ठेवला आहे.